फुटामागं एक सूत

तिसऱ्या वहीच्या सुरुवातीला आण्णू मिस्त्री गेला.
म्हणजे मीच मारला.
सोमवार बघून मारला, उद्यमनगरला सुट्टी असते म्हणून,
नाहीतर खांदा द्यायला ओळखीचं कुणी आलं नसतं.

कादंबरी पुढं न्यायची तर जुन्यांनी जागा करायला हवी,
एवढं मला कळत होतं.
तरी पुढचे दोन महिने
मी पेनाचं टोपण काढलं नाही.

तो फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचा.
आधी सागवानाचा पंप, हुबेहूब,
मग वाळूत त्याची पोकळी,
मग त्या पोकळीत लाल लोखंड.
मला वाटलं, झालं, मिळाली की रचना!
आण्णू लाकूड, त्याची लेक द्वारकी पोकळी,
तिचा निवास लोखंड.
कॅलेंडरच्या पाठीवर वंशावळ काढली,
बाण काढले,
चहा घेतला.

द्वारकी ऐकेना.
पान एकशे बारावर तिनं नवऱ्याला न विचारता
राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत चटणीचं कांडप टाकलं.
अख्खी गल्ली शिंकायला लागली.
मी तिला गप्प, सोसणारी, आतून रिकामी लिहायला बसले
की ती मिरच्यांची देठं खुडत म्हणायची,
"बाई, मी कुणाची पोकळी न्हाई.
दळप असंल तर ठेवा, न्हाईतर वाट सोडा."

बाण खोडले.
वंशावळीत आणखी एक घोळ निघाला:
माझ्या तारखांप्रमाणे निवास अकरा महिने पोटात होता.
तोही तसाच ठेवला.
पुढं तो बँकेत लागला, कमी बोलायचा,
प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचायचा. जमून गेलं.

आण्णूची एक लकब होती:
फळीची धार बघताना डावा डोळा मिटायचा.
मी ती निवासला द्यायची ठरवली होती.
दोनदा लिहिली, दोनदा खोटी वाटली, खोडली.
मग चौथ्या वहीत निवासची मुलगी अवनी,
जिनं पणजोबाचा फोटोही धड बघितला नव्हता,
भिंतीवर फ्रेम टांगताना
डावा डोळा मिटून मागं सरकली.
मी लिहिलं नव्हतं.
म्हणजे, अक्षर माझंच होतं.

आणि आता ही पट्टी.
पहिल्या वहीत, पान चाळीसवर, एकदाच आली होती.
आण्णूची पितळी पट्टी, तेलकट फडक्यात.
छोट्या द्वारकीनं शाळेच्या पट्टीला लावून बघितली
आणि ओरडली, "आण्णा, तुमचा फूट लांब हाय!"
तो हसला.
"लोखंड निवलं की आकसतं, पोरी.
म्हणून फुटामागं एक सूत जादा धरायचं.
आज जास्त दिसंल, निवल्यावर बरोबर येईल."
एवढंच. मीही विसरून गेले.

काल रात्री अवनीला ती कांडपाच्या जुन्या डब्यात सापडली,
तळाशी, मिरचीची पूड बसलेली.
नवीन फ्लॅट, रंकाळ्याच्या बाजूला,
खिडकी पूर्वेची, टेप मिळेना.
तिनं त्याच पट्टीनं खिडकी मोजली,
आकडा शिंप्याला फोनवर सांगितला.

पडदा आखूड आला.
शिंपी म्हणतो माप तुमचं, ती म्हणते कापणी तुमची.
दोघं खरं बोलतायत.
मला एका ओळीत भांडण मिटवता येईल,
निवासला तिथं नेऊन बसवता येईल, त्याच्या तोंडी
आजोबांची गोष्ट घालता येईल.
पण द्वारकीनं ती त्याला कधी सांगितलीच नाही,
कांडपाच्या आवाजात राहून गेली,
आणि आता मागं जाऊन मी तिच्या तोंडात शब्द कोंबले
तर ती मला वाट सोडायला सांगेल.

सकाळ होते तिकडं.
पडदा पूर्ण ओढलेला,
खाली फटीतून आत येतो,
अवनीच्या उघड्या पायांपर्यंत येतो
सात सूत उजेड.

ती पाय आखडून घेते, पुन्हा झोपते.
मी पान उलटत नाही अजून.