मानस

म्हापशातला शिंपी माप घेता घेता थांबला.
उजवा खांदा दोन बोटं वर.
"शर्ट सरळच बेततो मी, फोंडू. तूच तिरका."
मग टेप गळ्यात टाकून, हळू आवाजात:
"वर माडीवर एक बाई बसते. जाऊन ये."

त्याला काय सांगणार,
माझ्या हातात अजून दोर आहे.

सुकतीची वेळ होती, रॅम्प शेवाळलेला.
स्कूटरवर एक पोरगा, पायांमध्ये सिलिंडर.
ब्रेक. शेवाळ. पाणी.
मी दोर फेकला, दोन हात कमी पडला.
ओढून घेतला, पुन्हा फेकायला
हात मागं नेला,
तो तिथंच राहिला.
रिकामा सिलिंडर वर आला.
पोरगा आला नाही.

नंतर घरच्यांनी सगळं केलं.
देवचाराला रोट, सोरो, विडी.
मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत;
ठसका पहिल्यांदा मलाच लागला.
डॉक्टरच्या गोळ्या, अर्ध्या मोडून घ्यायच्या.
त्यांनी मी झोपायचो, हात जागा असायचा.
सुलक्षा भिंतीपर्यंत सरकून निजायची.
सकाळी तिच्या दंडावर निळं काही दिसलं
की दोघंही चहाबद्दल बोलायचो.

अर्मिंदाबाईनं काय झालं ते विचारलंच नाही.
खाली शिलाईयंत्र खडखडत होतं. ती म्हणाली,
"तळवे कुठं टेकलेत?"
जमिनीवर! आणखी कुठं टेकणार?
"बघा तरी."
बघायला गेलो तर पाय नव्हतेच.
गुडघ्याखाली नुसतं पाणी.

सहा बुधवार मी पाय शोधत होतो.
फेरी टाळून, मयेवरून वळसा घालून,
दोन बस बदलून, पैसे मोजून,
एक बाप्या माणूस स्वतःचे पाय शोधायला जातो,
हे चोडणात कुणाला सांगायचं?

सातव्या बुधवारी अंगठा सापडला. गार फरशी.
मग पोटऱ्यांतून काहीतरी चढत आलं;
इंजिन उलटं फिरवलं की बोट जशी
अंगभर थरथरते, तसं.
मी दात आवळले.
"आवळू नका. बोट धक्क्याला लागतेय,
लागू द्या."

आमच्या खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं.
भरती आली की पाण्याच्याच जोरानं मिटतं,
सुकतीला आपोआप उघडतं.
थोडं खारं झिरपतंच आत, त्याचं काही नाही,
त्यात झिंगे येतात.
बांधच फुटला तर मात्र
शेताची तीन वर्षं जातात.
त्या दाराला आम्ही मानस म्हणतो.
बाईला सांगितलं तर ती कितीतरी वेळ गप्प.
म्हणाली, "थोडं थोडं आत घेऊ. आज एवढंच."

मग एकदा तिनं टॉवेल पिळून
खिडकीच्या गजाला बांधला.
"राहिलेला हात पुरा करा. सावकाश."
किती सावकाश! खाली एक अख्खी बाही शिवून झाली असेल.
हात मागून पुढं आला,
खांदा, कोपर, मनगट, बोटं,
एकेकाला आठवत गेलं.
मी ओढलं.
टोकाला कुणी नव्हतं.
असणार नव्हतंच, हे हाताला त्या दिवशी कळलं.
मला आधीच माहीत होतं.

खांदा एक बोट उतरला.
दुसरं बोट तसंच आहे.

काल पोंबुर्फ्याहून फेरीनं आलो.
वर्दी नाही, तिकीट काढून, कठड्याशी.
नवा खलाशी दोर फेकत होता, चांगला फेकतो.
शेवटच्या क्षणी एक स्कूटर चढली,
पायांमध्ये सिलिंडर.
खिशात माझी मूठ वळली.
मी तिला काही बोललो नाही.
खाली तळव्यांकडे गेलो,
पत्रा तापलेला, इंजिनची घरघर पावलांत,
आणि तिथंच उभा राहिलो
पैलतीर येईपर्यंत.
मूठ केव्हा उघडली
ते बघायचं राहून गेलं.