कस

तवंदीच्या चढावर ती पुन्हा थांबली.
सपाटीला काही नाही.
निपाणीपासून शहाण्यासारखी आली होती,
चढ लागला की मात्र धाप,
दोन आचके,
आणि मागच्या ट्रकवाल्याचा लांबलचक हॉर्न.

मागच्या सीटवर इंदूनं मांडीवरचा करदंटाचा डबा घट्ट धरला.
संकेश्वरात साडेअकराला साखरपुडा.
म्हणाली, चोक ओढून बघा.
बावीस वर्षं ती हेच सांगते
आणि बावीस वर्षं मी चोकच ओढतो.

रुद्राप्पा पायथ्याहून लुनावर आला,
मागं दादापीर, मांडीवर पान्यांची पिशवी.
कानावरची बिडी काढून त्यानं पोराच्या खिशात ठेवली.
पेट्रोलजवळ आपला आपल्यावर भरवसा नको, म्हणाला,
आणि बॉनेटखाली हात घातला तो थेट
त्या बोटभर प्लास्टिकच्या डबीवर,
जी बॅटरीत पाणी घालताना
मला दर महिन्याला दिसायची,
आणि मी कधी बघितली नव्हती.

"हे कदी बदललासा?"

मी आठवू लागलो.
ऑइल बदललं, टायर दोनदा,
ज्या बँकेची पिग्मी गोळा करत फिरलो तिचं नाव बदललं,
गावच्या पाटीवरची अक्षरं बदलली,
माझे चष्मे.
हे नाही.

त्यानं पक्कडीनं क्लिप सरकवली,
नळीच्या तोंडात जुना बोल्ट खुपसला,
तरी थोडं पेट्रोल मनगटावरून ओघळलंच, गारगार,
आणि डबी उन्हात धरली.
आत चहाचा गाळ होता म्हणा,
किंवा पावसाळ्यात नदीला येतं तसलं पाणी.
फुंकून बघितलं. गाल फुगले, वारा काही पलीकडं गेला नाही.
मग माझ्या जुन्या पावतीपुस्तकावर आपटली:
तांबूस भुगा, गंजाचे कण,
आणि मुंगीच्या पायासारखं काहीतरी.

"कस तुंबैत्री."

कस.
आमच्यात तो जमिनीला असतो, सोन्याला असतो,
माणसाचा लागतो.
त्यांच्यात अंगणातून झाडून टाकतात.
आणि तुंबणं त्याच्याकडं नुसतं भरणं,
माझ्याकडं अडणं.
साठ वर्षं दोन्ही भाषांत उधारी वसूल केली मी,
हे दोन शब्द शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते.

"टाकी कदी फुल करत नाही वाटतं?"
त्यानं सहज विचारलं, नळी पुसत.
नाही.
दोनशेचं. कधी तीनशेचं.
दारोदार लोकांना सांगत आलो, रोज थोडं टाका,
वर्षाच्या शेवटी कळणारपण नाही किती झालं ते.
मीही रोज थोडंच टाकलं.
तळ कधी झाकलाच नाही,
गाडी तळाचंच पीत राहिली,
आणि ही डबी मधे उभी राहून
गिळता येईल तेवढं गिळत राहिली.

नवी ऐंशी रुपयांची. पांढरीशुभ्र.
तिच्यावर एक बाण असतो, हे मला त्या दिवशी कळलं.
दादापीरनं ती उलटी लावली,
डोक्यात टपली खाल्ली,
"बाण इंजिनाकडं रे, घराकडं न्हवं!"
पोरगं हसलं, इंदूही.

किल्ली फिरवली. खर्र. काही नाही.
"वडू दे तिला. नळी रिकामी हाय."
पुन्हा. पुन्हा.
पांढऱ्या डबीत पिवळी धार शिरताना दिसली,
अर्ध्यापर्यंत चढली,
आणि इंजिन जरासं खाकरून सुरू झालं.

जुनी डबी मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.
कशाला, असं इंदूनं विचारलं नाही.
रुद्राप्पानं पोराच्या खिशातली बिडी मागून घेतली,
पेटवली मात्र नाही,
आम्ही वळणाआड जाईपर्यंत.

साखरपुडा उरकला असणार.
दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत होतो,
शेवटचं वळण, उजवीकडं दरी,
आणि माझा हात, आपोआप,
चोककडं.

"राहू दे," ती म्हणाली.