गेटपास, बुधवारचा

‘कारण’ या रकान्यात
पहिल्या बुधवारी मी लिहिलं बँक.
दुसऱ्या बुधवारी आधार कार्ड.
तिसऱ्याला आजीचे डोळे,
तेव्हा गेटवरचा बसलिंग म्हणाला,
“या पोराला आज्या किती हायत ओ?”

उद्यमबागेत आमची शेड.
चौदा लेथ, दोन मिलिंग, पत्र्याखाली एक कबुतर.
सातेरी सहा नंबरवर.
बेळगुंदीहून पहिल्या बसनं येतो,
डब्यात बऱ्याचदा उकडलेली रताळी,
बोलणं कमी, बोअर मात्र आरशासारखा.

जूनमध्ये एकदा जॉब संपला
तरी तो चककडे बघत उभाच.
टूल नुसती हवा कापत होतं.
मी स्विच दाबला.
“काय करूलालास रे?”
“झोप न्हाई सर. बावीस दिवस.”

सिव्हिलमधल्या बाई म्हणाल्या,
दर बुधवारी, दोन ते साडेचार, काही महिने.
आणि काम सोडू देऊ नका.
घरी बसला तर भिंतीच बोलतील त्याच्याशी.

मालकांनी कॅल्क्युलेटर ओढला. महिन्याला दहा तास.
मी म्हटलं, सहा नंबरवर मी बसतो.
अठरा वर्षांनी बसलो.
पहिले चार जॉब रिजेक्ट.
हेल्पर पोरं तोंड फिरवून हसली,
गरम चुरा बुटात गेला,
आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या तसे त्याचे डोळे मिटायला लागले.
सहा आठवडे मशीनला हात नाही,
स्टोअरमध्ये नट मोजायला बसवलं.
पगार तोच.
हे मी मालकांना विचारलं नाही,
मस्टरमध्ये लिहून टाकलं.

मग एका बुधवारी बाईंचा फोन: आज आला नाही.
मी आधी तिसऱ्या रेल्वे गेटाकडं धावलो.
का, ते विचारू नका.
तो बसला होता बसस्टँडवर,
खानापूरची एक गाडी सोडत, मग दुसरी सोडत.
“बाई कन्नडात इचारतात सर.
निद्दी बरतदेनू?
मला कन्नड येतंय की.
पण जे सांगायचं ते मराठीतच अडकून बसलंय.”
“मग अडकलेलंच सांग की.”

त्याला बेअरिंगचं सांगितलं.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर, मूठ कानाला,
आत काय खरखरतंय ते ऐकायचं.
मशीन कुठं बोलतंय? चालू राहतं, बस.
तू चालू राहा. ऐकायचं काम बाईंचं.
हे बरोबर की चूक, मला ठाऊक नाही.
मी आयटीआयचा फिटर.

नागोबद्दल मात्र त्याला सांगितलं नाही.
नागो चौगुले, बारा वर्षांपूर्वी, हेच सहा नंबर.
ओळीनं सहा गैरहजेरी.
लाल शाईनं नाव मीच कापलं,
पट्टी धरून, रेघ सरळ यावी म्हणून.
त्याचा मायक्रोमीटर माझ्या खणात आहे.
न्यायला कुणी आलं नाही.

दिवाळीनंतरचा बुधवार. पावणेदोन.
गेटपासची वही उघडतो
तर सातेरीनं आधीच भरून ठेवलेली.
नाव. टोकन. वेळ.
कारण: दवखाना.
काना राहून गेलाय, तो मी घातला नाही.

बसलिंग वाचतो. वर बघतो.
आजीचं काही विचारत नाही.
“यावाग बरतीयो?”
“साडेचारला,” म्हणून सातेरी बाहेर पडतो,
आणि चार पावलं मागं येऊन
सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडतो,
“सर, सहा नंबरचं टूल बदललंय.
बोअर दोन पासमध्ये घ्या.
तुमी लई घाई करतासा.”