सतरा नंबरचा फॉर्म

डंडीत जूनमध्ये रात्र नीट होतच नाही.
अकराला कुठे आभाळ जरा मळतं,
आणि पहाटे मी बेकरीत रोल भरायला निघतो तेव्हा
टे नदी केव्हाची उजळून बसलेली असते,
झोप झाली का, विचारायला.

झाली नाही.

फ्रिजवर एक कागद आहे.
वर चुंबक, डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँडच्या गायीचं.
कागदावर एक अक्षर, सहा आकडे.
इशबेलला वाटलं लॉटरी.
मी म्हटलं, तसंच समज.
क्वाबेना म्हणाला, तुझा निकाल?
माझा प्रबंध ऑगस्टात. हा आईचा. दहावीचा.
त्यानं दुधाची बाटली आत ठेवली
आणि दार इतकं हळू लावलं
जसं फ्रिजमध्ये कुणी झोपलंय.

सतरा नंबरचा फॉर्म भरला तिनं,
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी,
बाबांना न सांगता. मग सांगून.
उदगीरजवळ ज्या शाळेत ती खिचडी शिजवते
तिथले हेडमास्तर म्हणाले, मावशी, आता कशाला?
ती म्हणाली, पातेलं घासून झालं की मला वेळच असतो.

हिवाळ्यात इथे साडेतीनलाच दिवे लागायचे,
तिकडे नऊ वाजलेले.
लायब्ररीच्या जिन्यात बसून
मी तिला बीजगणित शिकवायचो.
क्ष म्हणजे ज्याचा पत्ता अजून लागलेला नाही तो.
म्हणजे तू, ती म्हणाली,
आणि पुढचं उदाहरण चुकवलं.

आता दिवस असे जातात:
सहा रोल एका पिशवीत.
पस्तीस पिशव्या झाल्या की मी थांबतो,
उगीच,
आणि छत्तिसावी भरतो.
मोजे हीटरवर वाळतात. कडक होतात.
सरांचा मेल आलाय, तिसऱ्या प्रकरणाचं काय झालं?
माझा विषय शहरातल्या पाइपांची गळती.
मी लिहितो, सर, शोधतो आहे.
खरं तर मी बोर्डाची साइट उघडून बघतो,
जाहीर झालेल्या वेळेच्या तीन दिवस आधी,
रोज दोनदा.

मंगळवारी एक वाजता. म्हणजे इथे साडेआठ.
आईनं बजावलं होतं,
एकला पोरं ताटं घेऊन रांगेत असतात.
तू बघ, आणि दोनपर्यंत तोंड उघडू नको.
चांगलं असो, वाईट असो.
हातात पळी असताना मला काही ऐकायचं नाही.

नंबर टाकला.
खाली आणखी एक चौकट:
आईचे नाव.

या चौकटीत मी कायम तिचं नाव टाकत आलो,
माझ्या दहावीला, बारावीला,
न बघता, चपला काढाव्यात तसं.
आता तिची आई.
मी जन्मायच्या आधीच गेलेली,
भिंतीवर फोटोसुद्धा नसलेली.

तुझ्या आईचं नाव काय, मी मेसेज टाकला.
दहा मिनिटं काही नाही.
क्वाबेनाचा टोस्ट करपला, त्यानं तसाच खाल्ला.
मग आवाजाची एक चिठ्ठी,
ताटांचा खणखणाट, कुणीतरी मीठ मागतंय,
आणि मधेच ती:
कोंडाबाई.
चौथी पोरगी ना. चाळून उरलेला कोंडा.
ठेवते आता.

मराठीत सरळ आहे.
इंग्रजीत ओ एक की दोन?
बाईला शेवटी आय की वाय?
फॉर्म भरताना क्लार्कनं काय लिहिलं असेल?

एक ओ टाकला.
माहिती जुळत नाही.

शाळेची पायरी कधी न चढलेली बाई
बोर्डाच्या दारात उभी,
आणि दार तिला स्पेलिंग विचारतंय.
इशबेल टॉवेल डोक्याला गुंडाळून मागे येऊन थांबली,
काही न कळता, श्वास धरून.

दोन ओ.
चाक फिरायला लागलं.
खिडकीतून पूल दिसतो, त्याच्यावरून गाडी चाललेली,
दोन डबे,
पाण्यावर बराच वेळ.