पीळ

रात्री सव्वाअकराला गंगावेशीतून फोन :
‘मॅडम, तुमी जनावरांच्याच डॉक्टर न्हवं?’
मी म्हणणार होते, कुत्र्यामांजरांची.
ताराबाई पार्कात काचेचा दरवाजा आहे माझा,
वजनकाट्यावर उभं राहायला कुरकुरणाऱ्या
पगचे फोटो आहेत भिंतीवर.
पण सरकारी डॉक्टर निवडणुकीच्या ड्युटीवर,
संघाची गाडी कागलच्या पलीकडे,
आणि म्हैस दुपारपासून कळा देतेय.

‘आहे,’ म्हणाले.

खांद्यापर्यंतचे हातमोजे सापडले नाहीत.
अकरा वर्षांत लागलेच नव्हते.

धारेचा कट्टा मिटत आला होता.
शेवटचे दोन पैलवान
मिशीवरचा फेस पुसत बाकड्यावर.
मोगरी मान खाली घालून उभी,
बबनदा तिच्या शिंगाला धरून,
हात काढला तर ती जाईल, असा.

साबण लावून हात घातला.
आत वाट अरुंद होत होत
शंखासारखी वळत गेली, आणि बंद.
पीळ. पण उजवा की डावा?
एक खूर बोटांच्या टोकाला
लागला न लागलासा, निसटला.
शिरवळला सर म्हणायचे, हाताला डोळे फुटले पाहिजेत.
माझे कधीतरी मिटले,
मांजरांच्या बारीक शिरांत, केसाळ कानांत.

बॅचला फोन लावत गेले.
चौगुले हैदराबादेत लशी विकतो, झोपला होता.
पाटोळे विमा कंपनीत, मेलेल्या गाईंच्या कानांतले
बिल्ले जुळवतो. म्हणाला, ‘आधी फोटो काढून ठेव.’
निर्मला राधानगरीच्या रानात, रेंजबाहेर,
गव्यांच्या शेणातले जंत मोजत असेल.
उरला इजाज.

इजाज मुजावर, कत्तलखाना,
पहाटे पाचला मांसावर निळा शिक्का मारतो.
ओळख करून देताना आम्ही नुसतं
‘महापालिकेत असतो’ म्हणतो.

स्कूटर लावता लावताच त्याने बाही वर सरकवली.
डोळे मिटले. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.
‘उजवा. पाऊण फेरा.’
कसं कळलं?
‘रोज उघडी बघतो ना, चौदा वर्षं.
कुठली दोरी कुठे बांधलीय, पाठ आहे.’

मग बाकड्याची फळीच उपटली.
मोगरीला उजव्या कुशीवर पाडलं,
पोटावर फळी, फळीवर मी,
सत्तावन्न किलो, पदव्युत्तर.
पैलवान पायांच्या दोऱ्यांना.
‘पलटी कुठल्या अंगाला?’
‘पीळ जिकडं, तिकडंच.’
‘उलटी न्हाई?’
‘न्हाई. आतलं जाग्यावर ऱ्हायलं पायजे,
म्हैस त्याच्याभोवती फिरली पायजे.’
त्यांना ते माझ्याआधी कळलं.

पहिल्या पलटीला काही नाही.
दुसऱ्या पलटीला मोगरीचा हंबरडा, बाकी काही नाही.
तिसऱ्यांदा माझ्या तळव्यांखालून
काहीतरी जड सरकलं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं,
आणि मागून बदाबदा पाणी.

रेडकू निघालं तेव्हा दीड वाजला होता.
जीभ निळसर. इजाजने नाकात काडी फिरवली,
शिंकलं.
पैलवान लहान पोरांसारखे हसले.
बबनदाने शेपूट उचलून पाहिली.
‘रेडा हाय,’ म्हणाला. मग जरा थांबून,
‘दुधाचं तेवढं नीट हुईल न्हवं, मॅडम?’
होईल, म्हणाले.

इजाज नळाखाली हात धूत होता,
कोपरापासून नखांपर्यंत, फार वेळ.
रेडकू उठत होतं, पडत होतं, उठत होतं.
त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही,
मी इजाजकडे पाहिलं नाही.
‘पाचला जायचंय,’ तो म्हणाला.
मला दहाला, एका शित्झूची नखं कापायची.

फी किती, आणि दोघांतल्या कुणाला,
हे बबनदाला ठरवता येईना.
पलीकडच्या म्हशीखाली बसला, दोन पेले भरले.
फेस ओठांना लागला,
कोमट,
आतल्या त्या वाटेइतकाच.