थंडगारले काय म्हणतेत

तांडापेठेत आमच्या घरी मे महिन्यात
दोनच गोष्टींचा सीझन असतो :
बाबांच्या कूलरचा
आणि यंदा माझ्या प्रवेश परीक्षेचा.
रोज पन्नास शब्द, असं डोंगरवार मॅडमनी सांगितलंय.
त्यातली विशेषणं मी आधी उरकते,
सोपी वाटतात म्हणून.

यादी कूलरच्या पत्र्यावर चिकटवली होती,
वाऱ्याला बसून पाठ करता यावी.
तिसऱ्या दिवशी ओल आली.
फ्रॅजाइल गळून पडला,
ह्युमिड फुगला,
स्टबर्न अजून चिकटून आहे, निम्मा.

एक गोष्ट आवडली मला या शब्दांची.
ते वाकत नाहीत.
आपल्याकडे काळा मुलगा, काळी मुलगी, काळं मांजर,
ज्याच्यासमोर जाईल त्याच्यासारखं तोंड करतो शब्द.
आत्यानं तर त्याला माझ्यासाठी
जन्मभराची वेलांटी लावून ठेवलीय.
डार्क कुणासाठीच हलत नाही जागचा.
मी वहीत आनंदानं लिहून ठेवलं हे.
मग खाली, पेन्सिलनं :
गरीब मुलगा, गरीब मुलगी, गरीब घर.
हा आपलाही नाही वाकत.

वही मिटली.

रविवारी बाबांच्या हाताखालचा पोरगा आला नाही.
स्कूटरवर मागे मी बसले,
मांडीवर वुडवूलचा गठ्ठा, पायाशी पंप,
धरमपेठेत तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बाबांनी जुन्या ताट्या उचकटल्या,
गेल्या उन्हाळ्याचा वास घरभर झाला.
बाई नाकाला पदर लावून फोनवर
कुणाला तरी सांगत होत्या :
पाठवते नंबर, ही इज चीप अँड रिलायबल.

माझ्या यादीतला छत्तिसावा आणि एकशे चौथा.
पुस्तकाबाहेर चालताना
दोघांनाही पहिल्यांदाच पाहत होते मी,
आणि ते चालत आले ते थेट
बाबांच्या ओल्या पाठीवर.

जिना उतरताना बाबांनी विचारलं,
काय म्हणत होती व थे बाई माह्याबद्दल?
भरवशाचे म्हणाल्या.
खरंच का?
हो, भरवशाचे.
दुसरा शब्द मी रिकाम्या पोत्यात घातला
आणि तोंड बांधलं.
गोळीबार चौकापर्यंत बाबा शीळ घालत होते.

पुस्तकात चीपचा अर्थ स्वस्त दिलाय.
स्वल्पविरामानंतर, हलका.
छपाई फिकट आहे, तरी वाचता येतं.

रात्री लाइट गेली.
गच्चीवर माठातलं पाणी पिऊन बाबा म्हणाले,
थंडगारले काय म्हणतेत इंग्रजीत?
कोल्ड.
थे फ्रीजचं झालं. मी माठाचं इचारतो.
कूल.
थे तं माह्या धंद्याचं.
मोबाइलच्या उजेडात मी मागची पानं चाळली :
चिल्ड, आयसी, फ्रॉस्टी,
सगळी बर्फाकडची मंडळी.
आमच्या माठाला ओळखणारं त्यांच्यात कुणी निघेना.

गुरुवारी पेपर आहे, सेंटर हिंगणा रोडला.
बाबांनी आणखी एक पेला बुडवला,
माझ्याकडे केला,
म्हणाले, राहू दे,
नाही येत हे पेपरात.