एक रवा कमी

चर्चच्या कपाटात एक वही आहे,
कडेनं वाळवीनं खाल्लेली, अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध.
मेथॉडिस्ट म्हणजे पद्धतीची माणसं,
खिळासुद्धा मांडलाय.
काळा दगड, ज्योतिबाकडच्या खाणीतला, गाड्या दोनशे चाळीस.
सागवान, छपराच्या कैच्यांना.
मंगलोरी कौलं, फुटकी वजा जाता.
हिरडा. बेलफळ. ताग.
आणि चुन्यात घालायला गूळ, रवे बारा.
खाली वेगळ्या शाईत:
पैकी एक कमी. उंदीर.

अर्ध्या मणाचा रवा
कुठला उंदीर नेतोय?

बाबा इथं घंटा वाजवायचे. ते सांगायचे,
आता स्कूटरी लावतात तिथं चुन्याची घाणी होती.
बैल फिरायचा, बैलामागं दुर्गव्वा,
दुर्गव्वेच्या मागं तिची चार पोरं.
प्लेगचं साल. बाजार उठलेला, गाव माळावर.
नवरा हनमाप्पा वर कमानीवर,
कमान टोकदार, साहेबानं कागदावर काढून दिलेली,
कळीच्या दगडावर गुलाब हवा म्हणाला.
हनमाप्पानं कमळ कोरलं.
जन्मभर देवळं घडवलेला हात,
त्याला दुसरं फूल येत नव्हतं.
साहेब म्हणाला, छान गुलाब.

आणि एका सकाळी
चारी पोरांच्या हनुवट्या चिकट.
साहेबानं बघितलं. चष्मा पुसला.
खोटं बोलू नये असं रविवारी सांगणारा माणूस
बुधवारी वहीत लिहून गेला: उंदीर.

पश्चिमेच्या भिंतीला, चौथ्या खिडकीखाली
दर पावसाळ्यात ओल येते.
सुलोचना समुद्रे तिथंच बसतात, शाल पाठीशी दुमडून,
जागा बदलत नाहीत.
बाकी भिंतीला अजून मुंग्या लागतात,
सव्वाशे वर्षांनीसुद्धा दगडांच्या सांध्यांतून ये-जा.
त्या ओलीकडं एकही फिरकत नाही.

कमिटीत सॉलोमन आवळे म्हणाले, सिमेंट मारा, विषय संपवा.
मी शिरोलीहून दस्तगीर मिस्त्रीला आणलं.
त्यानं किल्लीनं सांधा खरवडला,
चिमूट जिभेवर ठेवली,
बराच वेळ वर कैच्यांकडं बघत राहिला.
"हितं चुना फिका हाय, बाई.
कुणीतरी हात आखडलाय."
"आखडला नाही," मी म्हटलं,
पुढं काय सांगावं कळेना.
तो थुंकायला बाहेर गेला.

आता अंदाजपत्रक माझ्या हातात आहे.
चुना, पोती सहा. वाळू, चाळलेली.
हिरडा मिळतो, बेलफळ बघावं लागेल.
खजिनदार विचारतायत, गुळाचं पक्कं बिल मिळेल का?
भिंतीपलीकडं मिस्त्रीची नातवंडं
वाळूच्या ढिगावरून घसरतायत.

मी लिहिलं: गूळ, रवे दोन.
एक, पश्चिमेची भिंत.
दुसऱ्यापुढं जागा कोरी ठेवली.